थट्टेचं नातं

३ नोव्हेंबर

आजही टोपली रिकामी! होड्या भरून आल्या आणि आमच्या डोळ्यांदेखत सगळी बोंगा मासळी कारखान्याच्या ट्रकमध्ये गेली. नाखवा मान वर न करता म्हणाला, "दिबोरमावशी, ते एकदम सगळा माल उचलतात. तुम्ही बाया एका टोपलीसाठी तासभर घासाघीस करता." ह्याच नाखव्याच्या लग्नातले मासे मी धुरावून दिले होते. एक पैसा न घेता!

माझी भट्टी थंड आहे. शेजारणीची थंड, तिच्या पलीकडचीही. मासळी धुरावर सुकवून बाजारात विकायची, ह्यावर आमच्या बांतानकोतो गावातल्या बायांची घरं चालतात. आता सगळ्या वाळूत पाय पसरून बसल्यात. कारखाना आमची मासळी उकडतो, वाळवतो, दळतो. ती भुकटी कुठल्याशा बर्फाळ देशात जाते — तिथल्या पाळलेल्या माशांच्या पोटात. म्हणजे इकडच्या माणसाच्या ताटातला मासा काढायचा आणि तिकडच्या माशाला भरवायचा. ऐकून हसू यावं असं आहे. येत नाही.

संध्याकाळी लांदिंग आला. दारातूनच सुरू, "काय गुलामबाई, भट्टी थंड वाटतं? तरी म्हटलं, आज गावात वास कमी कसा!"

"ये भातखाऊ. मालकिणीच्या दारात भीक मागायला आलास?"

बसला. चहा त्यानंच उकळला. माझी शेंगदाण्याची आमटी बोटांनी चाटूनपुसून खाल्ली आणि उठताना म्हणाला, "सेरेर बायकांना मिठाचा अंदाज नाही." हलकट! मी सेरेर जमातीची, तो जोला जमातीचा, म्हणजे जन्मानंच एकमेकांचे सानावू. थट्टेचं नातं. सानावूनं गुलाम म्हणावं, काहीही बोलावं, राग धरायचा नाही. सानावूनं मागितलं तर नाही म्हणायचं नाही. म्हणून तर माझी आमटी दर दोन दिवसांनी संपते. नवरा गेल्यापासून मला हसवणारं माणूस हे एवढं एकच.

कारखान्यातच असतो तो, बॉयलरवर. त्यावरून मी टोचते. तो म्हणतो, "तुझीच मासळी उकडतो ना. नीट शिजवतो, तुझ्यासारखी करपवत नाही."

४ नोव्हेंबर

कारखान्याचा वास. दुसरं लिहिण्यासारखं काही नाही.

१५ नोव्हेंबर, शुक्रवार

खाडी लाल झाली. पुरुष मशिदीतून परतले, आम्ही जेवणाची भांडी घेऊन बसलो होतो, तेवढ्यात वरच्या अंगाला आरडाओरडा झाला. पळत गेलो. पाणी विटक्या लाल रंगाचं, वर साय आल्यासारखा फेस, आणि मेलेले मासे काठाला लागलेले. एक बगळाही. शिंपल्या काढणाऱ्या बायांच्या पायांना फोड आले.

सिरा आली मोबाईल घेऊन. आमच्या शाळेतली मास्तरीण. अंगाने काटकुळी, पण जीभ माझ्याइतकीच. तिनं सगळ्याचे फोटो काढले. म्हणाली, "मावशी, मागच्या वेळीही शुक्रवारच होता." मग मलाही आठवलं. त्याच्या आधीही शुक्रवारच!

कारखान्याच्या साहेबानं निरोप धाडला — ऊन वाढलं की खाडीचं पाणी असं होतं म्हणे. माझ्या आजीपासून आम्ही ह्या खाडीवर आहोत. ऊन काय कालच पडायला लागलं?

१८ नोव्हेंबर

सिरानं डोकं चालवलं. कारखान्याच्या गोण्यांवर ज्या कंपनीचं नाव छापलंय, तिलाच लिहायचं! "साहेब आपलं ऐकणार नाही," ती म्हणाली, "पण साहेबाचं गिऱ्हाईक ऐकेल. तिकडे दुकानात मासा घेणारी बाई विचारते — हा कसा वाढवला, कुणाच्या तोंडचा काढून वाढवला. त्या बाईला ते घाबरतात."

आम्ही भट्टीवाल्या सगळ्यांनी सह्या केल्या, ज्यांना येत नाही त्यांनी अंगठे. मागणं दोनच. घाण पाणी खाडीत सोडू नका. आणि होड्या लागल्या की दुपारपर्यंत पहिली खरेदी बायांची, उरेल ते कारखान्याचं. कारखाना बंद करा असं आम्ही लिहिलं नाही. गावातली माणसं तिथं कामाला आहेत. लांदिंग आहे.

त्याला सांगितलं तर हसला. "गुलामांनी कागद लिहिला! आता जग बुडणार." मग जरा वेळानं म्हणाला, "सही तुझी सगळ्यांत वर आहे का?"

"मग काय तुझी असणार?"

चहाचा पेला तसाच ठेवून निघून गेला. असा थट्टा अर्धवट टाकून तो कधी उठत नाही.

२९ नोव्हेंबर, शुक्रवार

पुन्हा लाल. नमाजाच्या वेळीच. गाव कपाळ टेकवून बसलेलं असतं तेव्हा कुणीतरी काहीतरी सोडतं — आता गावात सगळे हेच बोलतात. पण पाहिलं कुणी? कुणीच नाही.

लांदिंग शुक्रवारी मशिदीत दिसत नाही. मी त्याला काफिर म्हणून चिडवते. "बॉयलरवर पाळी असते गं," म्हणतो.

२ डिसेंबर

उत्तर आलं!! माणसं पाठवतायत, स्वतःच्या डोळ्यांनी बघायला. सिरा वर्गातून धावत आली, पायात चप्पल नाही. आम्ही वाळूत नाचलो. माझे गुडघे आता ओरडतायत, ओरडू देत.

९ डिसेंबर

उद्या येणार. कारखान्यानं भिंत रंगवली. फाटकाशी कुंड्या मांडल्या. कामगारांना नवे पिवळे सदरे दिले. नवरीचा बाप तरी असा नटतो का!

लांदिंग तोच सदरा घालून आला होता. मी म्हटलं, "पिकलं केळं आलं!" हसला, पण मनापासून नाही. चहा केला, तो कडूच राहिला. निघताना दारात थांबून म्हणाला, "गुलामबाई, उद्या माझ्याकडे काही मागू नकोस हं."

मी म्हटलं, "तुझ्याजवळ मागण्यासारखं आहे काय, भातखाऊ? टक्कल?"

तोही हसला मग. टोपी काढून टक्कल दाखवलं आणि गेला.

१० डिसेंबर

आजचं सगळं लिहून ठेवते.

झाडाखालच्या बैठकीत सगळं गाव जमलं होतं. पाहुणे दोघं — एक उंच बाई, एक चष्मेवाला. सिरा दोन्हीकडचं बोलणं सांगत होती. आम्ही बाया रिकाम्या टोपल्या मांडून बसलो. साहेबानं टाक्या दाखवल्या, पाणी गाळून सोडतो म्हणाला, कागद दाखवले. बोलाचाच भात अन् बोलाचीच कढी! उंच बाई आमचे फोटो बघून म्हणाली, "पाणी लाल आहे हे दिसतं. पण ते कारखान्यातून आलं, हे कुणी डोळ्यांनी पाहिलंय का?"

पिवळे सदरे एका रांगेत, सगळ्यांच्या नजरा जमिनीवर. चष्मेवाल्यानं घड्याळ पाहिलं. त्यांची गाडी सुरूच होती. मला दिसायला लागलं — हे आता जाणार आणि आपण जन्मभर थंड भट्टीपुढे बसणार.

माझ्या जिभेला हाड नाही. मी उठले आणि मोठ्यांदा म्हणाले, "लांदिंग साम्बू! ऊठ, माझ्या गुलामा! मी तुझी सानावू. सानावूच्या हक्कानं मागते — तुला जे माहीत आहे ते सांग!"

सगळे हसले! सवयीनं हसले. आमची थट्टा गावाला पाठ आहे. मीसुद्धा हसत होते. देवाशप्पथ, अर्धं मी थट्टेतच म्हटलं होतं. अर्धं.

तो उठला. माझ्याकडे बघत राहिला. हळूहळू हसणं थांबलं. मग त्यानं टोपी काढली आणि उंच बाईला म्हणाला, "व्हॉल्व्ह मी उघडतो. पाइप वाळूखालून खाडीत जातो. दर दोन शुक्रवारांनी, सगळे नमाजाला गेले की. साहेब सांगतो, मी उघडतो. ह्या हातांनी."

आणि आमच्याकडे वळून, "तुम्ही वाकलेले असता तेव्हा."

तो! माझ्या घरी बसून माझी आमटी खाणारा. मला काय वाटलं ते मला अजून कळत नाही. राग आला. मग त्या पिवळ्या सदऱ्यात तो किती म्हातारा दिसतोय हे दिसलं, आणि 'काही मागू नकोस हं' आठवलं. ती थट्टा नव्हती. त्याच्या तोंडून आजवर थट्टेशिवाय दुसरं काही ऐकलंच नाही, मग मला कसं कळणार? कसं कळणार मला!

त्यानं वाळूतली जागा दाखवली. पोरांनी खणलं. पाइप निघाला.

११ डिसेंबर

आला नाही.

१४ डिसेंबर

त्याला काढून टाकलं. तेही अपेक्षितच. पण गाव! ज्यांच्या खाडीसाठी तो बोलला तेच लोक त्याच्या सलामाला उत्तर देत नाहीत. शिंपल्यावाल्या बाईनं त्याच्या अंगावर धावून जाऊन पायाचे फोड दाखवले. मशिदीत त्याच्या शेजारची जागा रिकामी राहिली म्हणे. साहेबाला कुणी काही म्हटलं नाही. साहेब गाडीत काच वर करून फिरतो.

मी चारचौघींत म्हटलं, "तो बोलला नसता तर?" त्यावर एकजण म्हणाली, "तो उघडत नसता तर?"

मी टोपली उचलली आणि घरी आले.

३ जानेवारी

न्यिमाकडे गेले. लांदिंगची बायको. तांदूळ आणि मासे घेऊन. तो परसात होता, बाहेर आला नाही. नुसता आवाज आला, "गुलामाचं अन्न मालक खात नसतो, परत ने!" तोच जुना सूर, पण घसा बसलेला.

न्यिमानं तांदूळ ठेवून घेतले. मग दाराशी मला अडवून हळूच म्हणाली, "दुसरा कुणी नव्हता का? तिथं इतके पिवळे सदरे होते. तुला माहीत होतं, तो तुला नाही म्हणू शकत नाही."

"मी थट्टेत—"

"थट्टेत मागितलंस म्हणून तर. रागानं मागितलं असतंस तर तो भांडला असता."

खरं बोलली. वाटेभर तेच डोक्यात होतं. दोरीनं बांधून उभं केलं मी त्याला, आणि दोरीला नाव दिलं नातं.

१९ जानेवारी

आम्ही जिंकलो. लिहिताना विचित्र वाटतं. त्या कंपनीनं कळवलं — टाक्या खऱ्या होईपर्यंत, पाइप उखडेपर्यंत एक गोणी घेणार नाही. आणि दुपारपर्यंत पहिली खरेदी बायांची, हे लिहून हवं. साहेबानं गावप्रमुखासमोर सही केली! सिरा रडली. बायांनी ढोल आणला, मोठ्या पातेल्यात मासेभात शिजला, लग्नासारखा.

मला पहिला घास दिला. मी तो शेजारणीच्या पोराला भरवला.

एक ताट झाकून लांदिंगकडे पाठवलं. ताट परत आलं. रिकामं — खाल्लं होतं! वर निरोप: "मीठ अजूनही कमी." मी चुलीमागे जाऊन रडले, मग हसले, मग परत रडले.

२७ जानेवारी

आज माझी टोपली भरली. भट्टी पेटली. धूर डोळ्यांत गेला तर किती बरं वाटलं!

८ फेब्रुवारी

खणलेल्या जागी माती भरली. खाडीचं पाणी अजून गढूळ, पण पोरं पुन्हा जाळी टाकायला लागलीत.

त्याला कुणी काम देत नाही. पुढच्या गावातल्या कारखान्यानंही नाव ऐकून फाटक लावलं. आम्हा भट्टीवाल्यांच्या मंडळातर्फे मी भट्ट्यांची लाकडं आणायचं काम देऊ केलं. "बायांच्या हाताखाली? तेही सेरेर बायांच्या?" हसला. मी म्हटलं, थट्टा सोड, खरंच विचारते. तर म्हणाला, "तुझ्याशी थट्टा सोडून बोलायला मला येत नाही, दिबोर."

'दिबोर' असं म्हणाला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा नावानं हाक मारली त्यानं मला. मला आवडलं नाही. भीती वाटली.

१६ फेब्रुवारी

होडीवर गेला! ह्या वयात! भातशेतीतला माणूस, समुद्राला पाय लावताना आधी बोट बुडवून बघणारा. मी नाखव्याला जाऊन बोलले, ह्याला उतरव. नाखवा म्हणाला, "मावशी, मला होडीवर माणूस कमी होता. ह्यानं काम मागितलं, मी घेतलं. आणि खरं सांगू? गावात ह्याच्याशी बोलणारा मी एकटाच आहे."

मी लांदिंगला गाठलं. किती वर्षं चिडवलं होतं त्याला — भातखाऊ, तू वाडग्यात बुडशील. आज हात जोडले. "नको जाऊस. सानावूच्या हक्कानं मागते, नको जाऊस."

"एकदा मागितलंस ना," तो म्हणाला. "नातं एकदाच तेवढं पिळायचं असतं." रागानं नाही. जाळं खांद्यावर टाकून गेला.

२ मार्च

दुपारी वारा फिरला. आमच्या समोर, खाडीच्या तोंडाशी, लाटांत होडी आडवी झाली. बाकीचे पोहत आले. सगळे पोहत आले.

३ मार्च

भरतीनं आणून सोडला. मी त्याला पाहिलं. ह्यापुढे लिहवत नाही.

४ मार्च

पुरुष त्याला घेऊन गेले. आम्ही बाया अंगणात. मग सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या. सानावू मेला की सानावूनं रडायचं नसतं. मेलेल्याची नक्कल करायची, घरच्यांना हसवायचं. नाही केलं तर मेलेल्याचा अपमान.

मी उठले. त्याची टोपी घातली, त्याचे कारखान्याचे बूट घातले. पाय फेंगडे टाकत त्याच्यासारखी चालले. "ए गुलामबाई, मीठ कुठंय? तुझी अळणी आमटी खाऊनच मेलोय मी!" बाया हसल्या. मी त्याच्या चटईवर आडवी पडले. "ऊठ रे आळश्या! मालकीण आली, चहा कोण करणार? सांगितलं होतं ना, वाडग्यात बुडशील? माझं ऐकायचं ते सोडून नको तेच ऐकलंस!"

तिथं माझा आवाज फाटला.

न्यिमा हसत होती. हसत हसत माझ्याकडे आली, मला मिठी मारली आणि पाठीत मुठींनी मारायला लागली. मी मारू दिलं. कुणी सोडवायला आलं नाही. बरं झालं.

११ मार्च

मशिदीत त्याच्यासाठी दुआ मागितली. सगळं गाव आलं. शिंपल्यावाली बाईही. आता!

२३ मार्च

खाडी स्वच्छ आहे. पोरं डुंबतायत. सिरा म्हणते, दुसऱ्या गावांच्या बायांना आम्ही कसं केलं ते ऐकायचंय, मी जावं. काय सांगू त्यांना? गोण्यांवरचं नाव वाचा, गिऱ्हाइकाला लिहा, टोपल्या मांडून बसा. आणि मग ज्याला नाही म्हणता येत नाही असा एक माणूस शोधा? हे सांगू?

नाही जाणार.

१२ एप्रिल

आज त्याचा चाळिसावा. फोनीहून त्याची थोरली बहीण आली होती, फार म्हातारी, काठी टेकत. रीत म्हणून मी तिला छेडलं, "या भातखाऊबाई, आमचा गुलाम बुडवलात ना!" तिनंही परतवलं, तोंडाची तिखट. हसलो दोघी. मग माझा हात धरून जवळ ओढलं.

"माझ्याशी कर गं थट्टा, मी जन्मानं साम्बू, जोला," म्हणाली. "तो नव्हता. शेजारच्या बिसाऊ देशातल्या लढाईत आईबाप गेलेलं, बालान्ता जमातीचं पोर. आईनं घरात घेतलं, आमचं नाव दिलं. जोला रक्ताचा थेंब नव्हता त्याच्यात. मिसरूड फुटली तेव्हाच सांगितलं होतं त्याला."

म्हणजे आम्ही सानावू नव्हतोच. त्या दिवशी झाडाखाली हे एवढं एक वाक्य बोलला असता, तर सुटला असता.

त्याला नाही म्हणता येत होतं.